ओ दिली का?

"सिस्टर, ओ दिली का?"

ऑपरेशन थिएटरच्या अर्ध्या दारावर अंगठीची टकटक व्हायची, दारावरून एक पांढरी टोपी आणि दोन डोळे दिसायचे आणि हा प्रश्न आत यायचा. हे आमच्या दवाखान्यातले बिलवाले भाऊ. पेशंट टेबलावर, डॉक्टर हात धुऊन उभे, माझे दोन्ही हात कामात, आणि ह्यांचं आपलं एकच. मी वरोऱ्याहून चंद्रपूरला नुकतीच नोकरीला आले होते आणि तोंडाने पहिल्यापासून फटकळ. एकदा मी आतूनच ओरडले, "मीच देऊ का ओ? मंग जाल?"

"तुमची नाई चालत सिस्टर," ते शांतपणे म्हणाले. "ज्याचं बिल, त्याची ओ."

आता तुम्ही म्हणाल, ओ देण्याचा आणि बिलाचा काय संबंध? मलाही तोच प्रश्न पडला होता. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. आमच्याकडे खाणीतल्या कामगारांची नि त्यांच्या घरच्यांची गर्दी असायची आणि त्यांची बिलं कंपनी भरायची. आधी बिलात नुसतं 'भूल दिली' लिहिलं की भागत असे. मग कंपनीच्या ऑफिसातून बिलं परत यायला लागली. कसली भूल? नुसती जागा बधिर केली, की माणूस अर्धा झोपवला, की पूर्ण? तिन्हींचे नंबर वेगळे, तिन्हींचे दर वेगळे. सोबत एक टाइप केलेला कागद होता. त्यात लिहिलं होतं, हाक मारल्यावर जो उत्तर देतो तो अर्ध्या झोपेत, जो देत नाही तो पूर्ण झोपेत. डॉक्टरसाहेबांनी तो कागद भाऊंच्या टेबलावर टाकला आणि म्हणाले, "तुम्हीच बघा काय ते."

दुसरा कुणी असता तर खुर्चीत बसून मला विचारून मोकळा झाला असता. भाऊ उठले आणि बघायलाच आले. सुरुवातीला मला विचारायचे. मग एक दिवस म्हणाले, "तुमी कामात असता, तुमचं ध्यान नसते," आणि स्वतःच दारातून पेशंटला नाव घेऊन हाक मारायला लागले. डॉक्टरांनाही सवय झाली. इंजेक्शन टोचलं की चाकू उचलायच्या आधी ते म्हणायचे, "मारा भाऊ हाक." आमच्या थिएटरचा तो रिवाजच झाला. त्या एका हाकेपायी पुढे एका बाईचा जीव टांगणीला लागेल हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

माणूस दिसायला किरकोळ. कडक इस्त्रीचा बुशशर्ट, कानामागे पेन, आणि अत्तराचा वास असा की पुढच्या खोलीतल्या माणसाला कळावं भाऊ आले. घराणं शिंप्यांचं. भावांचं दुकान होतं, ह्यांना मात्र चष्मा लवकर लागला म्हणून सुई सोडून पेन धरलं, असं ते सांगायचे. आमचे हिरवे गाऊन फाटले की न सांगता घेऊन जायचे आणि सकाळी शिवून आणायचे. गुंडीसुद्धा हिरवीच लावलेली असायची. मी आभार मानले की म्हणायचे, "मी कुठी केलं? घरच्यांनी केलं."

घरच्यांनी म्हणजे बायकोने. तिचं नाव मी कित्येक वर्षं त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. 'घरचे', नाहीतर 'शबानाची अम्मी'. डबा उघडला की, "शबानाच्या अम्मीनं तिखट जास्त घातलं," आणि तोच डबा चाटूनपुसून साफ. ती पण त्यांना 'अजी' म्हणायची. आमच्याकडे जुन्या जोडप्यांत हे नवं नव्हतं. माझ्या आईनेही बाबांचं नाव फक्त उखाण्यात घेतलं. पण ज्या माणसाचं दिवसभराचं काम लोकांना नावानं हाका मारणं, त्याला घरचं एक नाव घेता येऊ नये, ह्यावरून मी त्यांना फार छळलं. कान लाल व्हायचे बिचाऱ्यांचे.

त्यांच्या त्या हाकेने आम्हाला कमी घोळात नाही घातलं. एकदा एका खाणकामगाराच्या पायाचं काम होतं. बाहेर बाकावर त्याचं सगळं खटलं बसलेलं. भाऊंनी दारातून हाक मारली, उत्तर आलं नाही, तसे ते बाहेर बिलाच्या खिडकीत बसणाऱ्या पोराला मोठ्यानं म्हणाले, "पूर्ण गेले. पूर्णचा नंबर टाक." झालं! बाकावरच्या बायांनी जो गळा काढला, तो अख्ख्या गल्लीला ऐकू गेला. मी हातमोज्यांसकट बाहेर धावले. "अवो बाई, झोपले हायेत ते! झोपले!" पण रडणाऱ्याला कोण ऐकतं? त्या दिवसापासून भाऊ 'गेले' म्हणायचे बंद झाले. 'अर्धी हाय' किंवा 'पूर्ण हाय', एवढंच. त्यांच्यावर मी आठवडाभर हसत होते.

आणि मग ती पोंभुर्ण्याकडची म्हातारी आली.

जंगलातल्या गावची गोंड म्हातारी. मोहाची फुलं वेचताना पडून मनगट मोडलं होतं. लेक खाणीत कामाला, म्हणून आमच्याकडे आणली. हाड बसवायला थोडी झोपवली. भाऊंनी हाक मारली, म्हातारी गप्प. डोळे मिटलेले, ओठ आवळलेले. भाऊंनी 'पूर्ण' सांगितलं आणि वळले. तेवढ्यात डॉक्टरांनी मनगटाला हात घातला तशी म्हातारी स्पष्ट म्हणाली, "हळू ओढ ना रे बाबू."

भाऊ मागे फिरले. तोंड उघडं पडलेलं. "आजी, जाग्या होत्या? मंग ओ काऊन नाई दिली?"

"काऊन देऊ?" म्हातारीने डोळे न उघडताच विचारलं. "तोंड दिसत नाई आन् हाक येते. पयल्या हाकेले ओ देतेत का कोनी?"

"मंग कितव्या हाकेले?"

"तिसऱ्या. त्याले तिसरी हाक मारता नाई येत."

"कोनाले?"

म्हातारीने डोळे उघडले आणि दाराकडे पाहिलं. भाऊंकडे नाही, त्यांच्या मागे. मीही त्या बाजूला पाहिलं. मागे ओसरी होती, पाण्याचा माठ होता, दुसरं काही नव्हतं. तरी मला घाम फुटला होता हे मी कबूल करते.

दुसऱ्या कुणी हसण्यावारी नेलं असतं. भाऊंनी ते मनावर घेतलं. "ज्याचा जो कायदा, त्याचा मान ठेवा लागते," म्हणाले, आणि त्या दिवसापासून तीन हाका सुरू झाल्या. सगळ्यांना, मग तो पोंभुर्ण्याचा असो की नागपूरचा. एक हाक, मग थांबायचं. दुसरी, मग थांबायचं. मग तिसरी. मी म्हटलं, "भाऊ, हा दवाखाना आहे, इथी कोन भुतं येऊन राह्यले?" तर म्हणाले, "घाई नका करू सिस्टर. झोपलेल्या मानसाले वर याले वेळ लागते." डॉक्टर हसायचे, पण थांबायचे. आणि खरंच, पहिल्या हाकेला मुकाट पडलेली किती तरी माणसं तिसऱ्या हाकेला 'ओ' म्हणायची. खेड्यातली बाईमाणसं तर हमखास. इतकी, की कुणी गप्प राहिलं की आम्हाला त्याचं काहीच वाटेनासं झालं. लाजली असेल, घाबरली असेल, तिसरीची वाट बघत असेल. थांबा. गप्प राहणं म्हणजे काय, ह्याचा अर्थ आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकला होता.

झोपेतून उठलेली माणसं भाऊंबद्दल काय काय सांगायची! एकजण म्हणाला, "विहिरीच्या काठावरून कोनी तरी माह्यं नाव घेऊन राह्यलं होतं, आन् मी खाली." एका बाईने तर घरी जाताना त्यांच्याकडे पाहिलंच नाही, पदर ओढून भिंतीकडून निघून गेली. हळूहळू जंगलाकडच्या गावांत त्यांचं नाव पडलं, हाक मारणारा. लेकरं त्यांना पाहून आईच्या मागे लपायची. एका म्हाताऱ्याने त्याला घेऊन आलेल्या पोराला दवाखान्याच्या पायरीवरूनच परत फिरवलं. "इथी तो बसते, नाव घेनारा. मी नाई येत."

भाऊंनी ते ऐकलं. दुपारी डबा तसाच ठेवून बसले होते. "मी काय मौतचा फरिश्ता आहो का, सिस्टर? मी त बिलवाला."

"जेवा तुमी," मी म्हटलं. "लोकांले काय, काहीबी बोलते."

जेवले नाहीत. मला त्या दिवशी त्यांची फार दया आली. आणि ऐका, खुद्द भाऊ सुईला इतके भ्यायचे की दाढ ठणकत असताना लवंग धरून बसायचे पण दातांच्या डॉक्टरकडे जायचे नाहीत. "तिथी मले कोन हाक मारल?" असं म्हणायचे.

शबानाच्या अम्मीच्या काखेत गाठ आली ती त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. साधी चरबीची गाठ, डॉक्टर म्हणाले पंधरा मिनिटांचं काम. पण भाऊ महिनाभर टाळत राहिले. आज पाहुणे, उद्या उर्स, परवा पुतणीचं लग्न. शेवटी तिनेच आणलं त्यांना, त्यांनी तिला नाही. लग्न नुकतंच झालं होतं, दोन्ही हात मेंदीनं कोपरापर्यंत भरलेले, नखंसुद्धा लालभडक. टेबलावर चढताना माझ्या कानात म्हणाली, "सिस्टर, अजींले बाहेर बसवा. ते मलेच भेवाडून राह्यले." मी हसले. तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हटलं, "भाभी, तुमी फक्त ओ द्या, बाकी आमी पाहतो."

नागपूरहून येणारे भूल द्यायचे डॉक्टर फक्त मोठ्या ऑपरेशनला यायचे. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं ते यंत्रही आमच्याकडे एकच होतं, तेही त्यांच्याच दिवशी निघायचं. छोट्या कामाला आमचे डॉक्टरच इंजेक्शन द्यायचे. सगळीकडे असंच चालायचं तेव्हा. तिचा हात वर घेऊन बांधला, तोंड भिंतीकडे वळवलं, वरून हिरवं कापड. डोक्यावरची ओढणी तिने काढू दिली नव्हती, मीही आग्रह केला नाही. इंजेक्शन गेलं.

"मारा भाऊ हाक," डॉक्टर म्हणाले.

दारावर टकटक झाली. टोपी दिसली, डोळे दिसले. आणि हाक काही येईना.

"भाऊ?"

"साहेब, घरचे हायेत ना..."

मग काय विचारता! डॉक्टरांना असा मोका कुठे मिळायचा. "म्हणजे नाव नाही घेणार? मग बिल कसं होणार तुमचं?" वॉर्डबॉय फिसकन हसला. मी पण. भाऊंनी घसा खाकरला आणि अगदी हळू, कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाले, "अजी... सुनती का?"

थिएटरमध्ये हशा पिकला. टेबलावरून काही आवाज नाही. "लाजल्या वहिनी," डॉक्टर म्हणाले. "अशी हाक मारली तर कोण ओ देईल? नाव घ्या, नाव!"

थांबायचा रिवाज होता, आम्ही थांबलो. भाऊंनी कपाळ पुसलं. "शबानाची अम्मी," त्यांनी दुसरी हाक मारली.

"हे नाव आहे का भाऊ? कागदावर काय लिहिलंय ते घ्या."

भाऊ 'जाऊ द्या ना साहेब' म्हणत राहिले, डॉक्टर 'नाही, आज सोडणार नाही' म्हणत राहिले. किती वेळ गेला असेल? मला सांगता येणार नाही. हसण्यात गेलेला वेळ कोण मोजतं. माझी नजर सवयीने तिच्या नखांवर गेली होती. झोपवलेल्या माणसाची नखं बघायची हे आमच्या हाडात मुरलेलं असतं. निळी पडली की समजायचं काही तरी बिनसलं. नखं लाल होती. मेंदीची लाल.

शेवटी भाऊंनी नाव घेतलं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ते त्यांचंच. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा घेतलं असेल, चार परक्या माणसांसमोर, अर्ध्या दारावरून. आवाज चिरकला त्यांचा. आम्ही हसायचे थांबलो, इतकं ते हळुवार होतं.

उत्तर आलं नाही.

"पूर्ण झोप," डॉक्टर म्हणाले आणि चाकू मागायला हात पुढे केला. "लिहा भाऊ."

"साहेब," भाऊ म्हणाले. आवाज बदललेला होता. "लाजली तरी ती हूं म्हनते."

मी कापड फेकलं, ओढणी सारली आणि तोंड माझ्याकडे वळवलं. ओठ जांभळे होते.

पुढचं मी जास्त सांगत नाही. ऑक्सिजन, छाती दाबणं, डॉक्टरांचा घामाने भिजलेला गाऊन, तोच भाभीने शिवलेला. काळीज पुन्हा सुरू झालं, फार वेळाने झालं. भाऊ चपला घालूनच आत आले होते, त्यांना कुणी अडवलं नाही. भिंतीला टेकून उभे होते आणि तेच नाव घेत होते, एकामागून एक, मध्ये न थांबता. तीनच हाका मारायच्या हे ते विसरले होते.

तिला नागपूरला नेलं. काही आठवड्यांनी परत आणलं, श्वास चालू, डोळे उघडे, आणि त्या डोळ्यांत कुणी नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता असंच राहणार. थंडीत ती वारली. भाऊ त्यानंतर लेकीकडे ब्रह्मपुरीला गेले ते गेलेच, चंद्रपूरला पुन्हा दिसले नाहीत. दवाखान्यात कॉम्प्युटर आला, नवीन मुलगी आली, ती खुर्चीवरून उठत नाही. अर्धं दार अजून आहे. ते बोटाला लावायचं यंत्र आता छोट्या कामालाही लावतात. डॉक्टरसाहेबांनी ते दुसरं विकत आणलं, पण त्याबद्दल एक शब्द कधी बोलले नाहीत, आणि हसणंही त्यांचं तेव्हापासून गेलंच.

हे सगळं आधीच सांगून टाकलं, कारण मला आठवतात ते भाऊ ह्याच्या आधीचे आहेत, भाभी घरी होती त्या पावसाळ्यातले.

मी रविवारी तिची पाठ बघायला जायचे. पडून पडून जखमा होतात ना, त्या धुवायला. पहिल्यांदा गेले तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच मला त्यांचा आवाज ऐकू आला. ते नाव. मग शांत. पुन्हा नाव. मग शांत. शेजारची बाई दारात तांदूळ निवडत होती, म्हणाली, "दिवसभर असंच करते. आमाले आता सवय झाली." सवय झाली म्हणताना तिने मान वर केली नाही.

आत गेले. भाऊ खाटेजवळ स्टुलावर बसले होते. कानामागे पेन नव्हतं, दाढी वाढलेली, अत्तराचा वास मात्र तोच. भाभीच्या हातांवरची मेंदी उतरत आली होती, फक्त नखांच्या टोकांशी राहिली होती. मी पाणी गरम करून आणलं, तिला कुशीवर केलं, जखमा धुतल्या. भाऊ माझ्या हाताखाली कापड धरत होते, गाऊन शिवून आणायचे तसे न बोलता.

काम झालं तसे ते म्हणाले, "सिस्टर, थांबा जरा. एक डाव तुमी आयका. माह्ये कान आता भरोशाचे नाई राह्यले."

त्यांनी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि नाव घेतलं. थांबले. दुसऱ्यांदा घेतलं. थांबले. बाहेर पन्हळीचं पाणी बादलीत पडत होतं. तिसऱ्यांदा घेतलं. भाभीचे डोळे छताकडे होते. छाती वर झाली, खाली झाली. बाकी काहीच नाही. मी दवाखान्यातली बाई, मला काय ऐकायचं ते चांगलं कळतं.

भाऊंनी मान वळवली. इतक्या वर्षांत दारावरून हजारदा विचारलं असेल, तसंच विचारलं.

"ओ दिली का, सिस्टर?"

मी कुणाला गोड बोलणारी बाई नाही. पेशंटच्या नातेवाईकांना मी आजवर खोटा धीर दिला नाही, त्यावरून शिव्याही खाल्ल्या आहेत.

"दिली भाऊ," मी म्हटलं. "हूं म्हनल्या."

त्यांनी डोळे मिटले. मग हलकेच हसले, आणि मान हलवत, खिडकीतल्या पोराला नंबर सांगावा तसे स्वतःशीच म्हणाले, "म्हनजे अर्धीच हाय. पूर्ण नाई."

मी चपला घातल्या आणि बाहेर पडले. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत मागून पुन्हा पहिली हाक आली होती.